इथे इनिशियल करा

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लावायचा, की तेवढ्यात माझी दाढी उरकायची. एका रविवारी दाढी उरकली तरी पडदा काळाच. तेव्हाच ठरवलं, याला एसएसडी बसवायची. (एसएसडी म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क. व्हिडिओ बघून मला एवढं कळलं होतं. एवढंच कळलं होतं, हे नंतर कळलं.)

आत आधीच्या दोन डिस्क होत्या. माझी मेहुणी कॉम्प्युटर दुरुस्त करते, तिनंच त्या बसवून दिलेल्या. एकीवर जे लिहावं ते दुसरीवरही आपोआप उतरतं. अशा जोडीला म्हणे रेड म्हणतात. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला बघून बायको म्हणाली, "चांगली चाललीय की ती रेड. तुम्हाला काय धाड भरलीय?"

तिचं चुकीचं नव्हतं. त्या जोडीवर माझ्या सासूबाईंचा आवाज होता. शेवटची दोन वर्षं बायकोनं त्यांना बोलतं करून चौसष्ट फायली रेकॉर्ड केल्या होत्या. सासूबाई आता नाहीत, आणि दुसरीकडे कुठे त्या फायलीही नाहीत. त्यामुळे बायको "जपून हं" म्हणाली, ते रोजच्यातलं जपून नव्हतं.

नवी डिस्क बसली. व्हिडिओवाल्यानं सांगितलं म्हणून एक सेटिंगही बदलली. (ती त्या जोडीला एकत्र ठेवणारी होती, हे त्याला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच.) कॉम्प्युटर झटकन सुरू झाला. मी मिशीला पीळ देणार, एवढ्यात पडद्यावर चौकट आली. नवी डिस्क सापडली आहे, इनिशियलाइज करायची का?

आता माझी नोकरी सांगायलाच हवी. सव्वीस वर्षं मी ऑफिसात आवक-जावक बघतो. साहेब कागद पुढे सरकवून "इनिशियल करा" म्हणतात आणि मी कोपऱ्यात छोटी सही ठोकतो. कागद वाचणं माझ्या कामात बसत नाही. समोर इनिशियल दिसलं आणि हात आपसूक 'हो'वर गेला.

मग फायली शोधू लागलो, तर जोडीचा पत्ताच नाही. इनिशियलाइज म्हणजे डिस्क कोरी समजून नव्यानं मांडायची, हे मी तेव्हा वाचलं. चौकटीतली 'नवी' डिस्क म्हणजे त्या जोडीतलीच एक होती. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मेहुणीला फोन लावला.

मेहुणी सहजच येतेय, असं मी बायकोला सांगितलं. बायकोनं नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊन नळ बंद केला.

मेहुणीनं येऊन सगळं ऐकून घेतलं. आई तिचीही होती. तिनं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि विचारलं, "भाऊजी, या दुसऱ्या डिस्कची वायर कोणी काढली?"

मी नाही, असं मी शपथेवर सांगितलं. (काढली नव्हतीच. नवी डिस्क बसवताना माझं कोपर कशाला तरी लागलं होतं खरं.)

ती खाली फरशीवरच बसली आणि हसायला लागली. "तुमच्या धांदरटपणानं वाचवलं. वायर जागेवर असती, तर तुम्ही हिच्यावरही सही ठोकली असती."

तिनं सेटिंग पूर्ववत केली, वायर जोडली, आणि वाचलेल्या डिस्कवरून पहिलीच फाईल लावली. आधी खोकला, मग सासूबाईंचा खणखणीत आवाज: "जावई माणूस सोन्यासारखा आहे गं. फक्त त्याला कशाला हात लावू देऊ नका."

दोघी बहिणी एकमेकींना धरून हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. माझेही डोळे भरून आले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी माझ्या सासूबाईंना मनोमन नमस्कार केला.

संध्याकाळी बायकोनं एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, "इथे इनिशियल करा." मी केलं. तिनं तो कॉम्प्युटरवर चिकटवल्यावर मी वाचला. सासूबाईंचं दुसरं वाक्य होतं, आणि खाली 'मान्य' लिहून माझी छोटी सही.