जिनं मारला तिला धाड

आमच्या शाळेच्या मैदानाला लागून मथूआत्याची केळीची वाडी होती. त्या वाडीत पडलेला चेंडू शिपाई गेला तर मिळत नसे, मी गेलो तर मिळत नसे, आणि एकदा खुद्द मुख्याध्यापिका बाई गेल्या तर त्यांनाही हात हलवत परत यावं लागलं. आतून एकच वाक्य यायचं, "जिनं मारला तिला धाड!"

ज्या मुलीनं चेंडू मारला असेल तिनं स्वतः जायचं. फाटकाशी चपला काढायच्या, माठातलं पाणी प्यायचं, पाटावर बसायचं आणि मथूआत्या देईल ते सुकेळं शेवटपर्यंत खायचं. सुकेळं म्हणजे उन्हात वाळवलेलं राजेळी केळं, केळीच्या बुंध्याच्या सुक्या सोपटात गुंडाळलेलं, मधासारखं गोड आणि चावायला चिवट. ते घाईत खाता येत नाही. तोवर मैदानावर सतरा जणी, एक पंच आणि एक भूगोलाचा मास्तर कमरेवर हात ठेवून उभे.

तो भूगोलाचा मास्तर मी. मूळ साताऱ्याकडचा, वसईत माणिकपूरला नवा फ्लॅट घेतलेला आणि रोज सायकलनं गिरीजच्या शाळेत जाणारा. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती, आणि आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं परदेशातून भलीमोठी पिशवी भरून बॅटी, चेंडू आणि चामड्याचे हातमोजे आणून शाळेला दिले. हा बेसबॉल आहे, एवढंच सांगून तो पुन्हा बोटीवर गेला. बाईंनी पिशवी माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही जगाचा नकाशा शिकवता ना? हा खेळ जगातलाच आहे."

मी पुस्तकात बघून शिकवलं आणि पोरी माझ्याकडे न बघता शिकल्या. वाडीत वाढलेल्या त्या मुली, केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या. ग्रेटा नावाची आमची कप्तान चेंडू मारायची तेव्हा बॅटीचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. दोन वर्षांत जिल्ह्यात आमच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. भिवंडीला एका संघाची आम्ही अशी दाणादाण उडवली की त्यांच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, या मुलींना खायला काय घालता?" मी खरं तेच सांगितलं.

पण मथूआत्याचं सांगत होतो. वय सत्तरीच्या घरात, काटक, उंच, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि कमरेला कोयता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बोरिवलीला चौथ्या मजल्यावर राहायचा आणि दर दिवाळीला तिला न्यायला यायचा. ती त्याला विचारायची, "चौथ्या मजल्यावर केळ कटे लावू, हांग." म्हणजे सांग. तिच्या घरच्या बोलीत 'सांग'चं 'हांग' व्हायचं, 'कुठे'चं 'कटे' आणि 'तिथे'चं 'तटे'. माझ्याशी ती सांभाळून बोलायची, पण चिडली की सगळं घरचं बाहेर यायचं, आणि चिडलेली ती बहुतेक वेळा असायचीच.

मी पहिल्यांदा चेंडू मागायला गेलो तेव्हा तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू मारला?"

"नाही, मी शिक्षक आहे."

"मग शिकव जा. इथं कशाला आलास?"

कुंपण नारळाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झापांचं, पुरुषभर उंच. त्यातून तिला मैदानावरचं काही दिसत नसे. सगळा खेळ ती कानांनी बघायची. बॅटीचा ठाक् आवाज झाला की आतून आरोळी यायची, "आला गो आला!" आणि मग चेंडू झापांवरून जायचा. तिची आरोळी आली म्हणजे होमरन. पंचांनी हात वर करण्याआधी आमच्या पोरी नाचायला लागायच्या, आणि पंच माझ्याकडे बघायचे. बराच वेळ एकही चेंडू आला नाही तर ती झापांवर काठी आपटून ओरडायची, "आज उपास हाय काय गो?"

नियम सगळ्यांना सारखा होता. एकदा ठाण्याच्या एका पाहुण्या संघातल्या मुलीनं होमरन मारला. तिलाही बोलावणं आलं. ती बिचारी घाबरत आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. शेवटी तिच्या बाई शोधायला गेल्या, तर पोरगी पाटावर मांडी घालून दुसरं सुकेळं सोलत होती आणि मथूआत्या तिला तिच्या आजोळची हकिकत विचारत होती. त्या बाईंनाही हाकलून दिलं. त्यांनी मारला नव्हता.

त्या वर्षी आम्ही सुसाट सुटलो. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, विभागाच्या सामन्यांत एकेका संघाला अशी धूळ चारली की वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. आणि अंतिम सामना आमच्याच मैदानावर ठरला, कारण एवढं मोठं मैदान आसपास दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. समोर मुंबईचा संघ, विभागाचं अजिंक्यपद पणाला. गावात दुसरा विषय उरला नाही. पापडीच्या बँडवाल्यानं तर न विचारताच तारीख राखून ठेवली.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात विभागाचे निरीक्षक टेप घेऊन मैदान मोजायला आले. त्यांनी टेप लावली, पुन्हा लावली, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मास्तर, तुमचं मैदान कमी भरतंय. त्या केळीच्या वाडीकडून. हे असंच राहिलं तर सामना दुसरीकडे न्यावा लागेल."

शाळा समितीचे सेक्रेटरी पाटीलसाहेब तिथंच उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला. त्या दिवसांत वसईत जमिनीच्या भावानं माणसं वेडी झाली होती. सख्खे भाऊ हातभर बांधावरून कोर्टात जात होते. पाटीलसाहेबांनी क्षणात निकाल दिला, "म्हातारीनं शाळेची जमीन खाल्ली! दर पावसाळ्यानंतर झाप बदलते म्हणते आणि दर साली कुंपण पुढे सरकवते!" झाप ती दरवर्षी बदलायची हे खरं होतं. कुंपण सरकलेलं आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आमचे होमरन वाढत होते आणि आम्ही खुशीत होतो.

आम्ही तिघं वाडीत शिरलो. आत्या केळीच्या बुंध्याशी पाणी सोडत होती. पाटीलसाहेबांनी तोफखाना सुरू केला. जमीन, कायदा, तलाठी, पोलीस, सगळं काढलं. तिनं पाण्याची वाट बंद केली, हात धुतले आणि कोयत्यानं कुंपणाच्या आतल्या बाजूला दाखवलं.

"घे बघून. काय लावलंय तटे?"

आम्ही बघितलं. गिरीजच्या वाडीत टीचभर माती मोकळी सापडत नाही. केळीखाली अळू, अळवाशेजारी मिरची, कडेला मोगरा. पण मैदानातून घेतलेल्या त्या पट्ट्यात काही लावलेलं नव्हतं. जमीन चोपून, शेणानं सारवून लख्ख केली होती. त्यावर एक पाट, एक माठ, आणि माठावर उपडा पेला.

निरीक्षकांना काही कळेना. "मग जागा घेतली कशाला, आजी?"

ती कुणाकडे न बघता बोलली. "दोन सालांमागं चेंडू कुंपणाच्या पलीकडंच पडायचे. थोडक्यात राहायचे. पोरी धावत यायच्या, पार कुंपणापर्यंत यायच्या, आणि चेंडू उचलून परत जायच्या." मग थांबून म्हणाली, "इतक्या जवळ यायच्या नि परत जायच्या."

मला एकदम भरून आलं. इतकी सुकेळी, इतक्या आरोळ्या, ती सगळी भांडणं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो असा, कोयता घेतलेल्या बाईसमोर उभं असताना.

पण कुंपण हलवणं भाग होतं. नाहीतर सामना गेला असता. तिनं आम्हाला हात लावू दिला नाही. मेढी स्वतः उपटल्या, झाप स्वतः ओढत मागे नेले आणि जुन्या खड्ड्यांत पक्के केले. सारवलेली जमीन मैदानात आली. पाट आणि माठ उचलताना ती पुटपुटली, "पावसानंतर बघू."

अंतिम सामन्याला सगळं गाव लोटलं. चर्चचे फादर आले, गावदेवीचे पुजारी आले, कामणहून माझे मित्र एकाच मोटारसायकलवरून तिघं बसून आले. मुंबईच्या पोरींचे एकसारखे गणवेश आणि तीन तीन प्रशिक्षक. आमच्या पोरींच्या टोप्या पाच रंगांच्या. पहिल्या डावापासून जी जुंपली म्हणता! आम्ही दोन धावा काढल्या की त्या दोन काढायच्या. त्यांची ती डावखुरी पिचर चेंडू असा वळवायची की आमच्या भल्या भल्या पोरी हवेत बॅट फिरवून परत येत होत्या. मी नखं खाऊन संपवली आणि शेजारी बसलेल्या बाईंच्या पदराचं टोक कधी मुठीत आलं ते मला कळलं नाही.

आणि झापांमागून अवाक्षर नाही. सबंध सामनाभर नाही. पोरी सारख्या तिकडे बघत होत्या.

शेवटचा डाव. आम्ही दोन धावांनी मागे, दोन पोरी बेसवर, दोन बाद. ग्रेटा आली. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. मुंबईकडून टाळ्या, आमच्याकडून देवाची नावं, दोन्ही धर्मांतली. ग्रेटानं कुंपणाकडे एकवार बघितलं. कुंपण आता किती लांब दिसत होतं! तिसरा चेंडू आला आणि ठाक्!

असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. चेंडू वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, सगळ्यांच्या माना वर, कुणाचा श्वास बाहेर पडत नव्हता. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून फाटक्या आवाजात आरोळी आली.

"आला गो आला!"

मग मैदानावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पंचांचा हात वर गेलेला मी पाहिलाच नाही. बँड वाजायला लागला, फादरनी पुजाऱ्यांना मिठी मारली, पाटीलसाहेब धोतर सावरत नाचले, आणि पोरींना गुलालात बुडवून टेंपोत चढवलं ते थेट पापडीच्या नाक्याकडे. विभागाचं अजिंक्यपद! गिरीजच्या पोरींकडे!

गर्दी निघून गेल्यावर पाटीलसाहेबांना आठवण झाली. विजयाचा चेंडू शाळेच्या कपाटात ठेवायला हवा. मला पाठवलं. मी फाटकाशी पोचलो तेव्हा ती उभीच होती, चेंडू हातात. कुंपणाच्या आतली नवी जागा सारवून झाली होती. या खेपेला पाट एक नव्हता, ओळीनं मांडलेले होते, आणि प्रत्येकापुढे सुकेळं. शेजारपाजारून पाट मागून आणले असणार.

"जिनं मारला तिला..." तिनं सुरुवात केली.

"ग्रेटा मिरवणुकीत गेली, आत्या. सगळ्याच गेल्या."

"बरं," ती म्हणाली. आणि चेंडू माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो घेऊन मी शाळेपर्यंत चालत आलो, आणि जिंकल्याचा आनंद कुठे गेला ते कळेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कपाटात मी सरावाचा एक जुना चेंडू ठेवला, पाटीलसाहेबांना फरक कळणार नव्हता, आणि खरा चेंडू खिशात घालून वाडीकडे निघालो. आत्या एकेक पाट धुऊन उन्हात उभा करत होती. मी चेंडू पुढे केला. तिनं तो घेतला नाही, नुसता बघितला. "ठेव तिकडे."

तेवढ्यात फाटक वाजलं. ग्रेटा होती, चर्चमधल्या मिस्साहून आलेली, निळ्या फ्रॉकमध्ये. तिच्यामागे कल्पना, तिच्यामागे रेश्मा, सगळा संघ. एकीच्याही हातात बॅट नाही. कानांमागे अजून गुलाल होता.

मथूआत्या गोंधळून उभी राहिली. तिनं इकडेतिकडे केळींच्या बुंध्यांशी बघितलं.

"चेंडू कटे पडला गो?"

"चेंडू नाय, आत्या," ग्रेटा चपला काढत म्हणाली. "असंच आलो."

"असंच म्हणजे?"

"असंच. बसायला."

मथूआत्यानं वाळत घातलेले ओले पाट एकेक करून पुन्हा ओळीनं मांडले, माठातून पाणी काढलं, आणि आतून सुकेळ्यांची करंडी आणली. सोपटाची गाठ तिला सुटेना. दोनदा प्रयत्न केला, मग रेश्मानं हातातून घेऊन सोडली. पोरी खाऊ लागल्या, कालचा सामना पहिल्या चेंडूपासून सांगू लागल्या, सगळ्या एकदम. आत्या मध्येच बसून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं तो सामना काल झापांमागून फक्त ऐकला होता.

मी निघालो तर ती फाटकापर्यंत आली. मैदानाकडे, जुन्या खड्ड्यांत उभ्या असलेल्या आपल्या कुंपणाकडे तिनं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले.

"मास्तर, त्या पाटलाला हांग," ती म्हणाली. "कुंपण आता राहू दे तटेच."