भोपळ्याची बाळंतपणं

गणूकाका कंपाउंडरच्या उंबऱ्याशी गेलं की पहिला प्रश्न यायचा, "हात धुतलं का?" मग तुम्ही तलाठी असा, पोस्टमन असा, नाहीतर लग्नाच्या अक्षता घेऊन आलेले पाहुणे. दाराशी पाण्याची घागर आणि साबणाची वडी ठेवलेलीच असे. लढाईच्या दिवसांत साबण दिसेनासा झाला, तेव्हा काका दोऱ्याने वडीच्या चकत्या पाडायचा, पण कुणाला सोडायचा नाही. एकदा पोस्टमनने वैतागून पत्र कुंपणावरूनच फेकलं. काकाने ते उचललं आणि पुन्हा स्वतःचेच हात धुतले.

खालापूरच्या दवाखान्यात जन्मभर औषधं देऊन काका घरी बसला. घरी एकटाच. मग त्याला एकच वेड लागलं. आपल्याकडच्या मुलींना नर्सचं शिक्षण घ्यायला मुंबईला धाडायचं आणि शिकल्या की परत इथेच आणायचं. सातवी पास झालेली मी त्याच्या तावडीत सापडलेली पहिली.

सरावाला परसातला दुधी भोपळा हे आमचं बाळ आणि त्याचा वेल ही नाळ. वेलाला दोन जागी दोरा आवळायचा, मधोमध उकळलेल्या कात्रीने कापायचं आणि भोपळा धडुत्यात गुंडाळायचा. जरा कुठे आपटला की काका कळवळायचा, "मान धर गं, मान!" भोपळ्याला मान! मी हसून बेजार व्हायची. दिवाळीपर्यंत आमच्या घरी दुधीचीच भाजी होती. काकाने मात्र ती कधी तोंडाला लावली नाही.

माझे बाबा मुंबईचं नाव काढू देईनात. शेवटी म्हणाले, आधी एक खरं बाळंतपण निभावून दाखव, घाबरलीस तर माघात लग्न.

भातकापणीत एका दुपारी शेजारच्या यशोदावहिनीला कळा सुरू झाल्या. सुईणआजीचे हात तरबेज, पण नजर अधू झालेली, आणि नाळ कापायला कमरेला विळा. तोच विळा सकाळी शेतात चाललेला! मी कात्री घेऊन आत धावले. काका दाराबाहेरच थांबला, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. पण तोंडाला कोण अडवणार? आजीचे हात धुतले का, कात्री किती वेळ उकळली, दोरा कुठला, सगळं बंद दारातून चालूच. "त्याला गप कर गं कुनीतरी," आजी करवादली, पण तिने हात धुतले.

बाळ आलं. आजीने धरलं, मी दोन गाठी मारल्या, कापलं, आणि पोरगी अशी काही रडली की मला नाचावंसं वाटलं. आजीने न वापरलेला विळा कमरेला सारखा केला आणि म्हणाली, "पोरीचा हात हलका हाय." अंगणात बाबांनी ते ऐकलं. तुझी पेटी काढायला सांगतो, एवढंच म्हणाले.

मी उड्या मारतच बाहेर आले. काका भिंतीशी उभा होता. कोपरापर्यंत हात ओले, वर धरलेले, कशालाही न टेकवता.

मला हसू फुटलं. "काका, तू कशाला धुतलंस हात? तुला कोन आत घेनार हुतं?"

"तवापन धुतलं हुतं गं," तो म्हणाला. "आत तुझी काकू हुती. काय करायचं त्ये मला सगळं ठावं हुतं. कुनी दार उघडलं नाय. दोगंबी ग्येली."

मी आत गेले, आजीला विचारलं आणि धडुत्यातली ती पोरगी आणून त्याच्या हातांवर ठेवली.

काकाने आधी मान धरली.