जावईबापू वजन उचलतात

मेव्हण्यापुढं नुसतं "वा!" म्हणून गप्प बसायचं, एवढं जरी कृष्णातरावांनी ठरवलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण ते "वा!" म्हणाले आणि वर "हलकंच दिसतंय की!" असंही म्हणाले.

लोणंदच्या मालधक्क्यावर ते कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांनी उचललेली पोती बघायची, एवढाच त्यांचा वजनाशी संबंध. (बघूनच ते दमायचे.) लढाई संपली, धाकटा मेव्हणा हंबीरराव हवालदार होऊन घरी आला, म्हणून बायकोला, राहीबाईला घेऊन ते ताकारीजवळच्या सासुरवाडीला आले होते. अंगणात पुरलेल्या बाभळीच्या दोन दुबेळक्यांवर, फाटे फुटलेल्या खुंटांवर, एक लोखंडी दांडा आडवा ठेवलेला होता. त्याच्या दोन्ही टोकांना भाकरीच्या तव्याएवढ्या जाड चकत्या.

"ह्यो बार, दाजी," हंबीरराव म्हणाला. "छावणी मोडली तवा सायबानं दिला. ह्या प्लेटा. आन् ह्यो कॉलर, प्लेट निसटू नये म्हनून. नव्या गड्यानं आदी नुस्ता बारच उचलायचा. पाठ ताठ, वाकायचं ते गुडघ्यात. त्यात लाज कसली!"

आणि त्यानं तो सगळा डोलारा छातीशी घेऊन अलगद डोक्यावर नेला. धाप नाही, कण्हणं नाही. कृष्णातराव बघतच राहिले. असला गडी आपल्याला मान देतो, आपल्याला दाजी म्हणतो! त्याच्या नजरेत आपणही गडी ठरावं, याशिवाय त्या घटकेला त्यांना दुसरं काही नको होतं. ते "हलकंच दिसतंय" निघून गेलं ते त्या भरात.

"मग घ्या की!" हंबीरराव बाजूला सरला.

कृष्णातरावांनी बाह्या दुमडल्या, तोच सासूबाई, अंबूबाई, पदर खोचत धावत आल्या.

"आरं मुडद्या, जावयाला वजन उचलाय लावतूस? गाव शेन घालंल तोंडात! पावनं, तुमी बसा बगू घोंगड्यावर."

त्या घरात जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसत.

"ऱ्हाऊ द्या की मामी, एकडाव..." असं म्हणत कृष्णातराव जरा जास्तच चटकन बसले. हंबीरराव हसला. हसू साधंच होतं, पण ते त्यांना जेवणभर बोचत राहिलं.

दुपारी सगळी घरामागच्या मळ्यात गेली. कृष्णातराव हळूच त्या बारजवळ आले. नव्या गड्यानं नुसता बार उचलायचा, म्हणजे आधी प्लेटा काढणं आलं. त्यांनी डाव्या टोकाचा कॉलर सैल केला आणि तिकडच्या प्लेटा, पाठ ताठ ठेवून, एकेक उतरवून नीट रचल्या. (कारकुनाचं काम स्वच्छ असतं.) शेवटची प्लेट निघाली मात्र, मोकळं टोक त्यांची टोपी घेऊन आभाळात गेलं, भरलेलं टोक खाली आलं आणि अख्खा बार गिरकी घेऊन दारच्या रांजणावर आदळला.

मळ्यातली माणसं धावत आली. अंगणभर पाणी, खापऱ्या, आणि मधे भिजलेले जावईबापू.

"आगं बया! ह्ये काय झालं?" अंबूबाई ओरडल्या.

हंबीररावानं डावीकडं रचलेल्या प्लेटा बघितल्या. मग दाजींकडं बघितलं.

"आये," तो म्हणाला, "दाजींनी बार उचलून फेकला! लय ताकद, लय!"

मग कानाशी येऊन पुटपुटला, "पयल्या दिशी मी सायबाचा तंबू पाडला हुता. दोनी बाजूंनी थोड्या थोड्या काढायच्या अस्त्यात, दाजी."

कृष्णातरावांना भरून आलं. खरा पैलवान असाच असणार, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली. दर खेपेला त्यांचं सामान गडी बिराप्पा स्टेशनवर पोचवायचा.

"त्येला कशाला तरास?" अंबूबाई कौतुकानं म्हणाल्या आणि शेंगांचं पोतं जावयाच्या खांद्यावर चढवलं. वर गुळाची ढेप. "तुमास्नी काय जड हाय!"

नाही म्हणावं, तर हंबीरराव खोटा पडणार. कृष्णातराव दोन कोस चालले. मागून राहीबाई मोकळ्या हातानं, नवऱ्याकडं अभिमानानं बघत.

ताकारीच्या फलाटावर एका म्हाताऱ्या हमालानं त्यांना टेकायला जागा दिली आणि त्यांच्या हातातलं लोणंदचं तिकीट बघितलं.

"नवा दिसतुयास. लोनंदला हमालीला निगालास व्हय रं?"

नाही म्हणण्याएवढा दम उरला नव्हता. कृष्णातरावांनी नुसती मान डोलावली.

म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं,

"घेत्याल का रं पर तुला?"