काकीच्या पोथीवर दिवाणांनी मोहीम केली त्याची हकीकत

श्री. लग्नाच्या प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर जो बसतो, आणि बसूनही कोणाची मध्यस्थी करीत नाही, त्या गजाननास दंडवत घालोन लिहावयास बसलो. शके सतराशे एकोणतीस, प्रभवनाम संवत्सर, माघ मास. राज्य कोणते ते लिहीत नाही, कारण तेथे आमची सोयरीक आहे आणि ती टिकवावयाची आहे. जे घडले ते पाहिले, जे पाहिले ते लिहितो. कोणी हा कागद फाडील तर दुसरा लिहीन, दुसरा फाडील तर तिसरा लिहीन, आणि मग फाडणारासच लिहावयास बसवीन.

त्या राज्यात शंभर वर्षांमागे एक बाई होऊन गेली, आणि तिने लग्नचिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर एक विनोदाची कथा लिहिली, तिला लोक काकीची पोथी म्हणत. कथा ऐसी की बयाकाकी म्हणोन एक खातीपिती, रिकामी आणि मनाची फार चांगली बाई, आणि तिला गावातील प्रत्येकाची सोयरीक जुळविण्याचा छंद. तरणा वैद्य एका घरी रोज काढा घेऊन येतो, हे काकी पाहते, आणि घरातल्या आजारी लेकीवर त्याचा जीव जडला ऐसे धरून चालते, आणि साऱ्या गावात साखर वाटते, आणि मग कळते की वैद्य त्या घरच्या भरल्या वांग्यांसाठी येत होता. मग काकी दोन दिवस तोंड लपवून बसते आणि तिसरे दिवशी दुसरी सोयरीक जुळवावयास निघते. ऐशा नऊ सोयरिकी, आणि नऊही फसलेल्या. इतकीच कथा. परंतु राज्यात चाल ऐसी पडली की मुलगी पाहावयास पाहुणे आले, गूळपाणी जाहले, की या पोथीचा एक अध्याय मोठ्याने वाचावा. मुलाचा बाप कोठे हसतो ते मुलीची आई ध्यानात ठेवी, मुलगी कोठे हसते ते मुलाची आत्या ध्यानात ठेवी, आणि जो कोठेच हसत नसे त्याच्या घरी कोणी मुलगी देत नसे. आणि नवल ऐसे की ऐकणारा प्रत्येक जण घरी जाताना म्हणे, ही काकी हुबेहूब आमची थोरली वहिनी. वहिनी म्हणे, हुबेहूब आमच्या नणंदबाई. आपणच काकी आहो ऐसे शंभर वर्षांत कोणी म्हणाले नाही.

मग दिवाणगिरीवर रंगोपंत आले. मनुष्य सचोटीचा, कष्टाळू, पहाटे चारास उठणारा. त्यांचे वाईट लिहिणार नाही, परंतु खरे लिहीन. त्यांस अव्यवस्थेचा तिटकारा. त्यांनी पाहिले की राज्यात सोयरिकी हसण्यावर ठरतात, आणि त्यांच्या कपाळास आठ्या पडल्या. मग त्यांनी सोयरिकीचा तक्ता काढिला, छत्तीस रकान्यांचा. गोत्र, नाडी, उंची, वर्ण, दुभती किती, अक्षर कैसे, स्वभाव कैसा, सारे त्यात. मुलाचा तक्ता मुलाच्या बापाने भरावा, मुलीचा मुलीच्या बापाने, आणि कचेरीत दोन्ही शेजारी ठेवून कारकुनाने सोयरीक ठरवावी. आणि दिवाणांनी पहिला तक्ता आपल्याच लेकीचा भरिला. लेकीचे नाव ठकूबाई, वय अठरा. तिचे छत्तीस रकाने परगण्यातल्या एका देशमुखाच्या मुलाशी छत्तीसच्या छत्तीस जुळले, आणि दिवाणांस इतका आनंद जाहला की त्यांनी तो तक्ता कचेरीच्या फडावर टांगविला.

परंतु तक्ते घरोघर पोचवावयाचे तर कागद पाहिजे, आणि कागद तोकडा. तेव्हां हुकूम जाहला की पोथीशाळेतील निरुपयोगी पोथ्या कागद्यांच्या हौदात भिजवाव्या आणि त्यांचा लगदा करोन नवा कागद काढावा. वैद्यकाच्या राखाव्या, ज्योतिषाच्या राखाव्या, हसण्याच्या भिजवाव्या. काकीच्या पोथीच्या त्या समयी तीनच प्रती राहिल्या होत्या, आणि तिन्ही पोथीशाळेत; पाहुणे यावयाचे तर लोक तेथून मागून नेत.

पोथीशाळेची राखण गोजराबाई पोथीकरणीकडे होती. बाई पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, आणि शब्दाच्या पक्क्या. कारकून हुकूम घेऊन आला, तेव्हां त्यांनी तिन्ही प्रती मांडीखाली घेतल्या आणि वर बसल्या. म्हणाल्या, "मला उचला, मग पोथी उचला." कारकुनाने उचलून पाहिले नाही. मग दुसरे दिवशी दिवाण स्वतः आले, तो बाई तैशाच बसलेल्या. दिवाण शांतपणे म्हणाले, "बाई, ती काकी मेली, तो वैद्य मेला, वांगी खाल्ली ती पचलीसुद्धा. त्या पोथीत आता उरलं काय?"

"हसू उरलंय, दिवाणजी."

"हसू तक्त्याच्या कोणत्या रकान्यात लिहू?"

"तेच म्हणते मी. तुमच्याकडे जागाच नाही त्याला. पोथी देत नाही."

मग गोष्ट हुजुरांपर्यंत गेली. हुजूर दोघांचे ऐकून घेऊन म्हणाले, "पोथी जिवंत की मेलेली, याचाच तंटा ना? येत्या पौर्णिमेस दुपारपासून भर दरबारात वाचावी. सूर्य मावळेपर्यंत दरबारातला एक माणूस जरी मोकळेपणी हसला, तर पोथी राहील. न हसला तर हौदात जाईल, आणि बाईंनी ती आपल्या हाताने टाकावी." गोजराबाई म्हणाल्या, "कबूल." दिवाण म्हणाले, "कबूल." आणि त्याच सायंकाळी दिवाणांनी सरदार आणि मानकरी वाड्यावर बोलाविले आणि साऱ्यांस बजाविले की पौर्णिमेस जो हसेल त्याने आमच्याकडे पुन्हा कोणत्याही कामास येऊ नये.

पौर्णिमेस दरबार भरला. चौकात लगद्याचा हौद भरून ठेविला होता, त्याचा वास आत येत होता. चिकाच्या पडद्याआड बायका बसल्या, त्यात ठकूबाईही बसल्या. गोजराबाईंनी पोथी उघडिली आणि वाचू लागल्या. वाचन साधे, हातवारे नाहीत, की आवाज काढणे नाही. काकीने साखर वाटली, तेव्हां सरनोबतांनी शेल्याचे टोक तोंडात घातले. वैद्याची वांगी उघडी पडली, तेव्हां पागनीस उठले, घोडे खिंकाळले म्हणाले आणि बाहेर पळाले. घोडे खिंकाळले नव्हते. पंडितराव डोळे मिटून स्तोत्र पुटपुटू लागले, आणि त्यांचे पोट मात्र हालत होते. ऐसे चार अध्याय गेले, पाच गेले, सातही गेले, आणि कोणी हसला नाही. दिवाण ताठ बसले होते. त्यांस खरोखरच हसू येत नव्हते, हे मी जवळून पाहिले आहे. गोजराबाईंचा घसा बसला. ऊन खांबांवरून चढत तुळयांस लागले, आणि मज वाईट वाटले. मी हसावे ऐसे फार मनात आले, परंतु मजलाही दिवाणांकडे काम होते. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

मग आठवा अध्याय आला. त्यात काकी एका मुलीची सोयरीक परस्पर ठरविते, आणि ते सांगावयास मुलीकडे जाते, आणि दोन पाने एकटीच बोलते. वर कैसा, घर कैसे, विहिरीस पाणी किती, सासूस ऐकू कमी येते हे भाग्य केवढे. आणि मग उठताना शेजारणीस म्हणते, मुलगी लाखात एक हो, एक शब्द बोलली नाही. आणि मुलगी म्हणते, "मी बोलतच होते, काकी. तुम्ही थांबत नव्हता."

गोजराबाईंनी हे वाचिले मात्र, आणि पडद्याआडून हसू फुटले. एकटीचेच, परंतु खणखणीत. दाबावयास गेली आणि अधिकच फुटले. साऱ्या दरबाराने माना वळविल्या. हसू ठकूबाईंचे होते.

मग मोठी गडबड जाहली. पंडितराव म्हणाले, "पडद्याआड बसतात ते दरबारात मोजत नाहीत, हे हसू धरू नये." सरनोबत म्हणाले, "आपल्या कानांनी ऐकलं ते तर धरतात ना?" मग हुजुरांनी हात वर केला आणि म्हणाले, "दिवाणजी, लेक तुमची, तंटा तुमचा. धरावे की न धरावे, तुम्हीच सांगा." गोजराबाईंनी पोथी मिटून दोन्ही हातांत धरिली आणि दिवाणांकडे पाहात राहिल्या. सूर्य अजून दोन बोटे वर होता. दिवाणांनी नाही म्हटले असते तर पोथी संपली होती, आणि नाही म्हणावयास त्यांस शास्त्राचा आधारही होता.

दिवाण उठले आणि पडद्यापाशी गेले. म्हणाले, "ठके, एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात?"

ठकूबाई आतून म्हणाल्या, "आबा, रागवू नका. तुम्ही फडावर टांगलेला तक्ता मी पाहिला. स्वभावाच्या रकान्यात तुम्ही मला अबोल लिहिलंय."

दिवाण म्हणाले, "मग? तू कधी बोलतेस?"

"मी बोलतच असते, आबा. सकाळी चारपासून तुम्ही सांगत असता आणि आम्ही हो म्हणत असतो. तक्ता भरलात, तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. हाक मारायची होती एक."

दिवाणांचा चेहरा तांबडा जाहला, मग पांढरा जाहला. आम्हांस वाटले की आता भडका होणार. मग त्यांनी मिशीवर हात ठेविला, आणि खांदे हालू लागले, आणि दिवाण रंगोपंत, ज्यांस वीस वर्षांत कोणी हसताना पाहिले नव्हते, ते खांबास धरून हसले. डोळ्यांत पाणी आले, ते हसण्याचे किती आणि दुसरे किती, हे सांगता येत नाही. म्हणाले, "हुजूर, पडद्याआडचं हसू धरा की न धरा. हे माझं धरा. काकी मीच आहे."

मग मात्र कोणी कोणास आवरेना. सरनोबतांच्या तोंडातून शेला सुटला, पंडितराव पोट धरून आडवे जाहले, आणि पागनीस बाहेरून धावत येऊन काय जाहले ते कळण्याआधीच हसू लागले. गोजराबाई एकट्या हसल्या नाहीत. पोथी कपाळास लाविली आणि होत्या तेथेच बसल्या, आणि दासीने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांस लाविला.

मग दिवाण पडद्याकडे तोंड करोन खाली बसले, आणि म्हणाले, "ठके, आता विचारतो. तुझ्या मनात काय आहे?" ठकूबाई म्हणाल्या, "आता विचारलंत तर सांगते," आणि सांगू लागल्या, त्या दिवेलागणीपर्यंत. मध्ये दोनदा दिवाणांनी तोंड उघडिले आणि दोनदा आपले आपणच मिटिले. सारांश इतका की देशमुखाचे घर त्यांस नको होते.

मग दिवाण स्वतः घोड्यावर बसून देशमुखाकडे गेले, मोडलेल्या सोयरिकीची क्षमा मागावयास. मान खाली घालोन सांगितले. तो मुलगा पुढे आला आणि दिवाणांच्या पाया पडला. म्हणाला, "उपकार झाले, दिवाणसाहेब. माझा तक्ताही बाबांनीच भरला होता." मग दिवाणांनी तक्त्याची कचेरी मोडली नाही, त्यांचा स्वभाव तैसा नव्हता, परंतु मुलीचा तक्ता मुलीने भरावा आणि मुलाचा मुलाने, ऐसा नवा हुकूम काढिला. आणि हौदातल्या लगद्याचा जो कागद निघाला, त्यातला पहिला गठ्ठा पोथीशाळेस धाडिला, सोबत चिठी की काकीच्या आणखी प्रती कराव्या. गोजराबाईंनी चाळीस केल्या.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. पोथी आजही आहे, आणि घरोघर वाचली जाते. ती जुनी का होत नाही, हे पंडित वेगवेगळे सांगतात. मजला इतकेच ठाऊक की हे लिहिणाराने ती नऊ वेळा वाचिली. आठ वेळा थोरली वहिनी आठवून हसलो. नवव्या वेळी आठवा अध्याय आला, आणि वाचता वाचता थांबलो, आणि उठून आत गेलो, आणि बायकोस विचारिले, "तू काही म्हणत होतीस का?" ती म्हणाली, "बावीस वर्षं झाली. बसा, सांगते."