कागदाची दुसरी बाजू

रविवारच्या जेवणात तळलेल्या कोंबडीचा दुसरा तुकडा ताटात घेता घेता होबार्ट बोलून गेला आणि तिथेच घात झाला.

"आपल्या नव्या कोचचं गुपित कळलंय मला," तो म्हणाला. "डाव सांगताना प्रुइटच्या हातात तो मोठा कागद असतो ना, तो उलटा केला की समजायचं, चेंडू लांब फेकणार. सुलटा असला की पोरगं चेंडू पोटाशी धरून पळणार. सगळे सामने परत परत बघितलेत. एकदाही चुकत नाही."

समोर बसलेला डॉयल चावायचा थांबला. डॉयल हा होबार्टचा मेहुणा, पण भक्ती नदीपलीकडच्या नारिंगी कॉलेजची. त्यातून त्याचा जावई त्याच संघाच्या कोचच्या हाताखाली कामाला. आणि होबार्टच्या गावातल्या कॉलेजची त्या कॉलेजशी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात गाठ येत्या शनिवारीच होती.

"उलटा म्हणजे फेकणार. असंच ना, दाजी?" डॉयलनं गोड आवाजात विचारलं आणि बहिणीनं कापलेला नारळाचा केक तसाच टाकून तो उठला. डॉयल केक टाकून उठल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा झेंडा वर्षभर आपल्या ओसरीवर लावायचा, ही या दोन घरांची रीत. सहा वर्षं होबार्टच्या ओसरीवर नारिंगी झेंडा फडकत होता. नवा पोस्टमन तर ते डॉयलचंच घर समजायचा. यंदा प्रुइट आल्यापासून संघ जिंकत होता, झेंडा उतरायची आशा होती, आणि होबार्टनं आपल्याच जिभेनं तिच्यावर पाणी फिरवलं होतं.

"आता प्रुइटला सांगा जाऊन," बायको, लाव्हर्न, उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाली. सामन्याच्या वेळीही ती शेंगाच सोलत बसायची. तिला खेळातलं काही कळत नाही, याबद्दल होबार्टची खात्री होती.

बुधवारी गावातल्या खानावळीत कोच मंडळींचा रेडिओवरचा कार्यक्रम असे. लोक डुकराच्या भाजलेल्या बरगड्या चघळत प्रश्न विचारत. होबार्ट टोपीवर सही घ्यायच्या निमित्तानं प्रुइटपाशी गेला, वाकला आणि त्याच्या कानात कुजबुजला, "साहेब, कागद उलटा केलात की तुम्ही चेंडू फेकता. नारिंगीवाल्यांना कळलंय."

दोघांच्या मधे टेबलावरचा माईक चालू होता. होबार्टची कुजबुज अख्ख्या राज्यानं ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात कुत्रंही फिरकलं नाही. चर्चच्या भजन मंडळीतल्या एकानं फोन करून सांगितलं, "होबार्ट, या रविवारी तू मागच्या बाकावर बस. गाऊ नकोस. बोलू तर मुळीच नकोस."

शनिवारी होबार्टनं डोळ्यांवर टोपी ओढूनच सामना पाहिला. प्रुइटनं कागद उलटा केला. नारिंगी पोरं चेंडू अडवायला लांब मागे धावली, आणि आपलं पोरगं चेंडू पोटाशी धरून रिकाम्या मैदानातून निवांत पळत गेलं. पुढच्या वेळी कागद सुलटा. नारिंगीवाले पुढे झेपावले आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. दुपारभर हेच चाललं. शेवटी संघ जिंकला आणि शेजाऱ्यांनी होबार्टला खुर्चीसकट उचललं.

सोमवारी प्रुइट स्वतः दुकानात आला.

"तुम्ही सांगेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं, मी असं करतो ते," तो म्हणाला. "मग शनिवारी मुद्दाम उलटं केलं. नारिंगीवाल्यांना वाटलं, सवय काही तीन दिवसांत सुटत नाही. आणखी काही दिसलं तर कळवा. फक्त मला." त्यानं आपला फोन नंबरही दिला. होबार्टला इतका आनंद झाला, की प्रुइटनं दुकानातून घेतलेल्या दिव्यांचे पैसेही त्यानं घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी डॉयल पडेल चेहऱ्यानं होबार्टच्या कॉलेजचा झेंडा आपल्या ओसरीसाठी न्यायला आला. जेवण झालं, केक आला.

"दाजी, आता तो प्रुइट आणखी काय करतो हो?" डॉयलनं हळूच विचारलं.

"मला काही माहीत नाही," होबार्ट म्हणाला, आणि ते खरंच होतं. जीभ ताब्यात ठेवल्याचा त्याला अभिमान वाटला.

"अहो, असं काय करता," लाव्हर्न शेंगा सोलत म्हणाली. "चेंडू पळवायचा असला की टोपी मागे सरकवतो ना तो. पहिल्या सामन्यापासून बघतेय मी."

डॉयलनं केक तसाच टाकला. दार आपटलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

होबार्टनं प्रुइटला फोन लावला.

"साहेब," तो म्हणाला, "आधी एक सांगा. आजूबाजूला माईक नाही ना?"