तळ्यात सोडायला मनाई

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी थाविनने पोटाला सुरी लावून घ्यायला साफ नकार दिला. डॉक्टर येऊन समजावून गेले, नर्स येऊन रागावून गेली, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने सदरा वर करून स्वतःचे टाके दाखवले. थाविन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"अहो, सही करा ना," त्याची बायको लामदुआन म्हणाली.

"उभा जन्म मी माशांच्या पोटात सुरी घातली. एकालाही विचारलं नाही, की बाबा रे, सही करतोस का? आता माझी पाळी आली तर मला विचारताहेत. यात काहीतरी काळंबेरं आहे."

जन्मभर त्याने बँकॉकच्या त्या मोठ्या बागेच्या फाटकाशी गाडी लावली होती. मरळ माशाच्या पोटात गवती चहाची जुडी कोंबायची, वरून जाड मिठाचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यांवर निवांत भाजायचा. संध्याकाळी वारा फिरला, की बागेत धावणारी माणसं धावता धावता फाटकाकडे वळायची. पोटात गाठ निघाली तेव्हा ती कुणी पाठवली हे थाविनला विचारावं लागलं नाही.

त्यात त्याची थोरली बहीण चमोय संत्र्यांची पिशवी आणि भविष्य घेऊन आली.

"विहारातल्या भन्तेजींना विचारून आलेय. बाजारात जायचं. ज्याच्या डोक्यावर दांडका उगारलाय असा मासा सोडवायचा आणि सूर्य मावळायच्या आत पाण्यात सोडायचा. त्याचं आयुष्य वाचलं, की ह्याचं वाचलं."

थाविनने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. "आधी मासा," तो म्हणाला, "मग सुरी. मासा सुटल्याचं कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

"आणि नाही सुटला तर?"

"तर मला घरी न्या. गाडीशेजारी मरेन. वास तरी ओळखीचा असेल."

डॉक्टरांनी लामदुआनला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, की उद्याचा दिवस टळला तर पुढचा मागू नका. ती उठली आणि बाजाराकडे धावली.

बाजारात मासेवाली दांडका उगारूनच बसली होती.

"कापून देऊ?"

"नको, जिवंत हवाय."

"जिवंतच आहे, बघा कसा तडफडतोय. थांबा, मारून देते."

"मारू नका हो! सोडायचाय."

मासेवालीने दांडका खाली ठेवला आणि हात जोडले. मग भाव वाढवला.

नदीचा घाट शहराच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळच्या गर्दीत तिथे पोचेपर्यंत सूर्य काय, चंद्रही मावळला असता. बागेतलं तळं मात्र इस्पितळाच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की पाणी. तळ्याकाठच्या पाटीवर काय लिहिलंय ते लामदुआनला पाठ होतं. मासे पकडायला मनाई. प्राण्यांना खाऊ घालायला मनाई. तळ्यात प्राणी सोडायला मनाई. आणि त्या पाटीखाली तिच्याइतकाच ताठ उभा असलेला रखवालदार सवेंग, तोही पाठ होता. थाविनच्या गाडीचं चाक फाटकासमोरच्या पिवळ्या रेघेवर वीतभर जरी आलं तरी हा शिट्टी फुंकायचा. गाडी मागे सरली, की पैसे मोजून मासा घ्यायचा, आणि खाऊन झाला की पुन्हा रेघ तपासायचा.

बादलीवर ओलं फडकं टाकून ती आत शिरली.

"वहिनी, बादलीत काय?"

"सूप. ह्यांच्यासाठी."

"सूप हलतंय."

"गरम आहे ना, दादा."

"गरम सूप उसळतं, वहिनी. शेपूट आपटत नाही." सवेंगने फडकं उचललं. माशाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने माशाकडे. "मरळ. तळ्यात सोडलात तर बाकीचे मासे गट्ट करेल. म्हणूनच पाटी लावलीय."

"एकच आहे हो."

"सगळे एकेकच आणतात. कुणाची परीक्षा, कुणाचा कज्जा, कुणाची सवत. तळं आहे की कोर्ट? नदीवर जा."

"सूर्य मावळेल."

"सूर्याला मी काय करू? तो माझ्या हाताखाली नाही."

"तुम्ही त्यांच्या हातचे किती मासे खाल्लेत, आठवा जरा! हे पाप काय एकट्याच्या पोटात जाऊन बसलंय?"

सवेंगचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. पण नियम तो नियम. "चला, पलीकडच्या फाटकातून बाहेर सोडतो तुम्हाला. मी मागेच आहे. पाण्याकडे बघूही नका."

अशी त्यांची वरात तळ्याच्या काठाने निघाली. पुढे बादली, मागे शिट्टी. पाण्यावर संध्याकाळ उतरत होती, पिवळी, हळदीच्या हातांनी सारवल्यासारखी. चार पावलांवर पाणी आणि घशाला कोरड, असं लामदुआनचं झालं होतं.

एवढ्यात सहा वाजले. झाडांमधले भोंगे खरखरले आणि रोजच्यासारखं राष्ट्रगीत सुरू झालं.

सारी बाग जागच्या जागी थिजली. धावणारे थबकले, ताणलेले हात खाली आले, एका पोराचा चेंडू एकटाच घरंगळत गेला. लामदुआन थांबली. मागे सवेंग खाडकन ताठ झाला. आणि नेमक्या त्याच क्षणी माशाने फडक्यासकट उसळी घेतली.

तो वाटेवर पडला. फडक्यातून बाहेर आला. क्षणभर तोंड उघडून निपचित राहिला, आणि मग मरळीची जात ती, पोटावर सरपटत थेट पाण्याच्या दिशेने निघाला.

लामदुआनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हलायचं नव्हतं, आणि तिला हलायची गरजही नव्हती. तिने सोडला नव्हता, त्याने पकडला नव्हता, मासा आपल्या पायाने चालला होता. चल रे राजा, ती मनात म्हणाली, दोन हात राहिले, चल रे सोन्या, एक हात राहिला. मागे सवेंगच्या नाकातून जोरजोरात श्वास येत होता. त्याचीही बुबुळं माशाबरोबर सरकत होती.

तेवढ्यात काठावरची वेल हलली आणि घोरपड वर आली. म्हशीच्या पारड्याएवढी लांब, अंगावर चिखल, जीभ आत बाहेर. बागेत ती कुणाला विचारून राहत नव्हती आणि कुणासाठी थांबतही नव्हती. डुलत डुलत आली, माशाला डोक्याकडून उचललं, मान वर केली. एक घोट. दुसरा घोट. शेपटीचं टोक तेवढं क्षणभर बाहेर राहिलं, मग तेही गेलं.

गाणं संपलं. बाग पुन्हा धावू लागली. लामदुआन मटकन खाली बसली.

सवेंगला मात्र काहीतरी करणं भाग होतं. त्याने खांद्यावरचा वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "कचेरी, कचेरी. तळ्याकाठी एका महिलेने प्राण्याला खाऊ घातलं."

लामदुआन ताडकन उठली. "खाऊ घातलं? कुणी? मी सोडला!"

"पाण्यात गेला नाही, वहिनी. घोरपडीच्या तोंडात गेला. म्हणजे खाऊ घालणं."

"माझ्या बादलीतून सुटला की नाही? म्हणजे सोडणं! सोडल्याचा दंड लावा मला. लावाच!"

चारदोन धावणारे गोळा झाले. दंड चुकवायला भांडणारी माणसं त्यांनी पाहिली होती. ठरावीक दंडच हवा म्हणून भांडणारी बाई नवी होती.

"मासा मोकळा तर झाला होता," एक टक्कल पडलेले काका म्हणाले. "थोडा वेळ का होईना."

"पाणी लागलं नाही, काका. पाणी लागलं तरच सोडणं."

"घोरपड पाण्यात जाईल ना आता? मग मासाही गेलाच की."

वॉकीटॉकी खरखरला. "नक्की काय ते सांगा. खाऊ की सोडणं?"

"दादा," लामदुआनचा आवाज फुटला. "मासा सुटला हे कळलं तरच ते सही करणार आहेत. नाहीतर घरी न्या म्हणतात. मी जाऊन काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही. माझ्या नाकाला घाम फुटतो. लग्नाच्या आधीपासून त्यांना ठाऊक आहे."

सवेंग बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. पाटीवर याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. "चौकशी चालू आहे," तो वॉकीटॉकीत म्हणाला आणि बटण बंद केलं. मग त्याने सदरा खोचला, टोपी सरळ केली. "चला, वहिनी."

इस्पितळाची लिफ्ट बंद होती. जिने चढून तो थाविनच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"सवेंग?" थाविनने डोळे किलकिले केले. "आता काय, खाट रेघेबाहेर आली का माझी?"

कुणी हसलं नाही. थाविनने बायकोकडे पाहिलं. तिने पटकन बाहीने नाक पुसलं.

"हिला विचारण्यात अर्थ नाही," तो म्हणाला. "तू सांग. मासा सुटला?"

सवेंग ताठ झाला. "तळ्यात जिवंत प्राणी सोडणे. मनाई आहे. तुझ्या बायकोला दंड केलाय."

"म्हणजे पाण्यात गेला?"

"गेला."

"कसा गेला?"

सवेंगला एवढ्या पुढची तयारी नव्हती. त्याच्या कपाळावर घाम आला. "पोहत," तो म्हणाला.

"मागे वळून पाहिलं का त्यानं?"

लामदुआनने डोळे मिटले.

"पाहिलं," सवेंग म्हणाला. आणि मग, एकदा गाडी उताराला लागल्यावर, "दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ."

थाविन त्याच्याकडे एकटक बघत राहिला. मग उशीवर डोकं टेकून म्हणाला, "बोलवा त्या नर्सबाईंना. पेन आणा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा शिवलं. चुकून दुसऱ्याच्या घराची कडी काढावी आणि "माफ करा" म्हणून पुन्हा लावावी, तसं. गाठ एकटी नव्हती, तिचं सारं गणगोत तिथे येऊन राहिलं होतं. काही महिने, ते म्हणाले. पाऊस संपेपर्यंत म्हणा.

चमोय म्हणाली, मासा छोटा घेतला असणार.

रोज संध्याकाळी लामदुआन त्याला चाकाच्या खुर्चीत घालून तळ्याकाठी आणू लागली. रोज सवेंग शिट्टी गळ्यात घालून येई आणि पाण्याकडे बोट दाखवी. "तो बघ, तुझा मासा. आज कमळांपाशी आहे." थाविन मान डोलवी. सुरुवातीला सवेंग अडखळत बोले. पुढे पुढे माशाला सोबतीण मिळाली, मग पिलं झाली. त्यातली दोन बापावर गेली होती. घोरपड काठावर ऊन खात पडलेली असे. तिच्याकडे कुणीच बघत नसे, लामदुआन तर मुळीच नाही.

एके दिवशी थाविन फारच हलका दिसत होता. सदऱ्यात वाऱ्याखेरीज काही राहिलं नव्हतं. सवेंग अजून यायचा होता.

"लामदुआन," तो म्हणाला, "मासा सुटला नव्हता ना?"

तिने नाकाला हात लावला.

"राहू दे, पुसू नको. मला तेव्हाच कळलं होतं. मागे वळून पाहिलं म्हणे, तेही दोनदा! माशाला मान कुठे असते, वेडे? हजारो चिरलेत मी, एकाला तरी मान होती का?"

"मग सही का केलीत?" तिने विचारलं. "उगाच सगळं पोट चिरून घेतलंत."

"तो माणूस," थाविन म्हणाला, "उभ्या जन्मात वीतभर रेघ सोडायला तयार नव्हता. आणि माझ्यासाठी खोटं बोलायला एवढे जिने चढून आला. त्याला बिचाऱ्याला ते येतही नव्हतं. मग मलाच नाही म्हणवेना गं. वाटलं, ज्याच्यासाठी सवेंग खोटं बोलतो, त्यानं एकदा तरी जगून बघावं."

लामदुआनने त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. पुन्हा पुन्हा केलं.

"त्याला सांगू नको हं," थाविन म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदाच थाप मारायला शिकलाय. वाया जायला नको."

झाडांखालून सवेंग येताना दिसला. आज त्याच्या चालीत घाई होती; काहीतरी जुळवून आणलं असणार. खुर्चीपाशी येऊन त्याने दम घेतला आणि तळ्याच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं, तिथे बोट दाखवलं.

"बघ, बघ! तुला ओळखलं त्यानं. इकडेच बघतोय."

थाविनने काडीसारखे हात मोठ्या कष्टाने वर आणले आणि पाण्याला नमस्कार केला.

"खरंच की रे," तो म्हणाला. "केवढा मोठा झालाय."