तपासणीला गेलेली पुस्तकं

"ही पोरगी घरातून पळते, बाई! अन् तेबी आठव्याच पानावर!"

निवृत्तीभाऊंनी पुस्तक टेबलावर असं आपटलं, की छायाबाईंच्या कपातला चहा बशीत उतरला. निवृत्तीभाऊ साखरखेर्ड्याच्या वाचनालयाचे अध्यक्ष आणि छायाबाई तिथल्या ग्रंथपाल. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बाईंनी दहा ते सोळा वर्षांच्या मुलांचं वेगळं कपाट मांडलं होतं. त्यातलं एकेक पुस्तक त्यांनी स्वतः वाचून, पारखून घेतलं होतं.

"भाऊ, तिची म्हैस चोरीले गेली हाये. म्हैस शोधाले निघते ते."

"पन पळते का नाही?"

"पळते."

"मंग? उद्या आपल्या पोरी म्हशी शोधाले निघाल्या तं?"

"तुमी पुढं वाचलं काय?"

"पुढं कायले वाचू? मले आठव्या पानावरच समजलं."

निवृत्तीभाऊ मनाने वाईट नव्हते. फक्त एकदा निर्णय घेतला की तो चुकलाय हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागे. त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. मुलांची सगळी पुस्तकं आधी मोठ्या माणसांनी तपासायची आणि तोवर कपाट बंद. तपासायला ते स्वतः, शेतकरी पुंजाजी आणि बचत गटाच्या मंजुळाबाई. संध्याकाळपर्यंत पुस्तकं पिशव्यांत भरून तीन घरी गेली. म्हशीच्या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या. एक भाऊंनी घेतली, एक पुंजाजींनी.

दुसऱ्या दिवसापासून पोरं रिकाम्या कपाटापाशी येऊन उभी राहू लागली. सगळ्यांत पुढे इंद्रभानची मुलगी प्राची, आठवीतली.

"बाई, मी वाचत वाचत भुयारापाशी आली होती. माह्या हातातून ओढून नेलं त्याईनं. आता ते म्हशीवाली बाहेर निघाली का नाही, मले काय मालूम?"

"येईन पुस्तक एक-दोन दिवसात परत," बाई म्हणाल्या.

आठवडा उलटला तरी एकही पुस्तक परत आलं नाही. मग छायाबाई स्वतःच निघाल्या. आधी पुंजाजींच्या शेतावर गेल्या. तिथे मोटर चालू होती, भुईमुगाचं वावर भरून पाणी बांधावरून वाहत होतं आणि पांदणीच्या वाटेवर चिखलच चिखल झाला होता. चिखलात इंद्रभानची मोटारसायकल रुतलेली. इंद्रभान गुडघ्यापर्यंत माखून, तावातावाने बाभळीखाली आला. तिथे पुंजाजी खाटेवर बसले होते.

"पुंजाजी, डोळे फुटले काय तुमचे? पानी कुठं चाललं पाहा!"

पुंजाजींनी मान वर न करता बोट उचललं. "थांब बे. भुयारात तिच्या मांगं चोर हायेत."

"कोन्ते चोर?"

"म्हशीचे."

इंद्रभान खाटेच्या कडेला टेकला. "म्हैस कोन्ती? मुऱ्हा?" त्याने विचारलं. मोटर शेवटी छायाबाईंनी बंद केली.

तिथून त्या मंजुळाबाईंच्या अंगणात आल्या. बचत गटाच्या बाया पापड लाटत बसल्या होत्या, म्हणजे लाटणी हातात होती, पण हात थांबलेले. मंजुळाबाईंची शाळा चौथीत सुटलेली. अक्षराखाली बोट धरून त्या मोठ्याने वाचत होत्या. एखाद्या शब्दाशी अडल्या की सगळ्या बाया श्वास धरून थांबत आणि शब्द सुटला की "हाव, हाव!" म्हणत. मागे खाटेवर वाळत घातलेले पापड एक शेळी निवांतपणे संपवत होती.

"अहो मंजुळाबाई, शेळी!"

"खाऊ द्या, बाई. पापड उद्या लाटता येईन. हे पोट्टं आज विहिरीत पडलं हाये!"

बाई रागवायला आल्या होत्या. पण त्या अडखळणाऱ्या, न थकणाऱ्या आवाजापुढे त्यांचा राग विरला. शेळीला हाकलून त्या बायांच्या कडेला बसल्या आणि पोरगं विहिरीतून वर येईपर्यंत उठल्या नाहीत.

खरा भडका बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उडाला. पुंजाजी सहज म्हणाले, "भाऊ, म्हैस सापडली बरं का शेवटी."

निवृत्तीभाऊ लालबुंद झाले. "मले सांगतलं काऊन? माह्यी चाळीस पानं राह्यली होती ना!"

"तुमी तं आठव्या पानावर बंद केलं होतं."

"ते तपासनीसाठी उघडलं होतं मी!"

लोकांनी दोघांना आवरलं. प्रकरण वाढायला नको म्हणून छायाबाईंनी रविवारी बैठक बोलावली. पोरंही आली आणि दारात दाटीवाटीने उभी राहिली.

"पुस्तकं मुलांना द्यायची की नाही?" बाईंनी विचारलं.

"माह्यी तपासनी बाकी हाये," पुंजाजी म्हणाले.

"माह्यीबी," मंजुळाबाई म्हणाल्या. "आमच्या बाया सोडत नाहीत."

निवृत्तीभाऊ घसा खाकरत होते, तेवढ्यात प्राची पुढे आली. "आबा, आमी हे पुस्तकं वाचले तं एकबी पोट्टं घरातून पळालं नाही. तुमी वाचले तं पुंजाजीआबाचं पानी पळालं, मंजुळाआजीचे पापड पळाले, अन् तुमी स्टँडवर भांडले. मंग तपासनी कोनाची करावी?"

सभेत हसू फुटलं. सगळ्यांत उशिरा, पण सगळ्यांत मोठ्याने निवृत्तीभाऊ हसले. "खरं बोलली पोरगी," ते म्हणाले. "बाई, तुमची निवड लाख मोलाची हाये. मीच आठव्या पानावर अडकलो." पुस्तकं त्याच संध्याकाळी कपाटात आली आणि प्राची भुयाराचं पान काढून तिथेच फरशीवर बसली.

म्हशीच्या त्या पुस्तकाचा दुसरा भागही आहे, असं बाईंच्या बोलण्यात आलं आणि भाऊ स्वतःच तो आणायला निघाले. मलकापूरच्या दुकानातून सगळ्या पोरांसाठी पुस्तकांचा गठ्ठा घेतला आणि परतीच्या एसटीत बसल्याचा फोनही केला. पोरं छायाबाईंसोबत स्टँडवर वाट पाहत राहिली. मलकापूरहून लोणारला जाणारी गाडी आली, थांबली, निघून गेली. भाऊ उतरलेच नाहीत.

बाईंनी घाबरून फोन लावला. "भाऊ, कुठं हाये तुमी?"

"पार पुढं, सुलतानपुरात."

"अहो, मंग इथं उतरले काऊन नाही?"

पलीकडून भाऊंचा हळवा, किंचित चिडलेला आवाज आला, "ते पोरगी पुरात मधोमध झाडावर अडकली होती, बाई. तिले तसंच सोडून उतरू काय?"